सिंहगडाच्याच रांगेवर, पण उलट दिशेला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला पुण्यात, घरात पासष्टीची आई आणि नववीतला मुलगा. सकाळी निघून दिवेलागणीपर्यंत घरी यायचं, दोन-तीन तास चालणं व्हावं, डोळ्यांना काही चांगलं दिसावं. सिंहगड, लोणावळा, मुळशी, ताम्हिणी यातलं काही नको, कारण तिथे रविवारी चालण्यापेक्षा गाडीत बसणंच जास्त होतं. आणि शेवटी तुम्ही म्हटलंय, "कुणाला माहीत नसलेली ठिकाणं सांगा."

तशी ठिकाणं आता उरलेली नाहीत. एखाद्या धबधब्याची पंधरा सेकंदांची रील फिरली की पुढच्या शनिवारी तिथे मक्याची कणसं भाजणारे हजर असतात. त्यामुळे अज्ञात जागा शोधण्याच्या फंदात पडूच नका, दिशा बदला. पुण्याची झाडून सगळी गर्दी पश्चिमेला, घाटमाथ्याकडे धावते आणि तीही मुख्यतः जूनअखेर ते सप्टेंबर. हडपसरच्या पुढे पूर्वेला जातात ते देवाला जाणारे: थेऊर, जेजुरी, मोरगाव. दर्शन झालं, जेवण झालं की ते माघारी फिरतात. या देवस्थानांच्या मधला मुलूख बाराही महिने जवळजवळ रिकामा असतो. गेली बरीच वर्षं मी लोकांना घेऊन चालतोय, आणि आता कुटुंबासोबत येणाऱ्यांना आधी इकडेच नेतो.

नकाशा उघडा, सिंहगडावर बोट ठेवा आणि ते सावकाश पूर्वेकडे सरकवा. कात्रज, बोपदेव, दिवे आणि शिंदवणे हे चारही घाट एकच डोंगररांग ओलांडतात. ती भुलेश्वर रांग. तिच्या उत्तरेला मुठा आणि पुढे मुळा-मुठेचं खोरं, दक्षिणेला मुख्यतः कऱ्हा नदीचं. सिंहगड हा या रांगेचा उंच, पश्चिमेकडचा भाग. तिथून ती उतरत, सुटी होत, मधेच खिंडी सोडत यवतच्या पुढे माळात विरून जाते. ताम्हिणीत एखाद्या वर्षी सहा हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुणे शहरात सातशेच्या आसपास, आणि सुप्याकडे पोहोचेपर्यंत पाचशेही गाठताना मारामार. शंभरेक किलोमीटरच्या आत इतका फरक आहे. म्हणून इकडे झाडी विरळ, गवत भरपूर आणि आकाश मोठं. धुकं, धबधबे आणि ओली हिरवळ म्हणजेच निसर्ग असं ज्यांच्या मनात पक्कं बसलंय त्यांना हा भाग पहिल्या खेपेला उजाड वाटतो. आईंना आणि मुलाला हे आधीच सांगून न्या.

पहिली खेप मल्हारगडाची करा. दिवे घाट चढून सासवडच्या दिशेने गेलात की डाव्या हाताला झेंडेवाडीकडे रस्ता फुटतो. दुसरी वाट सासवडच्या बाजूने सोनोरी गावातून आहे, म्हणून या किल्ल्याला सोनोरीचा किल्ला असंही म्हणतात. मी सोनोरीच सुचवेन. महाराष्ट्रात सर्वात शेवटी बांधला गेलेला किल्ला म्हणून मल्हारगड ओळखला जातो. बांधकाम १७५७ ते १७६० या काळातलं, बांधणारे पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे. दिवे घाटावर नजर ठेवणं हे त्याचं काम. नववीतल्या मुलाला पायथ्याशीच एक प्रश्न टाकून ठेवा: तोफांनी लढाया जिंकण्याचा काळ आलेला असताना खुद्द तोफखान्याच्या सरदाराने डोंगरावर तटबंदी का उभारली असेल? चढ संपेपर्यंत त्याला बोलायला विषय पुरतो. लगेच पुढच्या जानेवारीत पानिपत झालं हेही वर गेल्यावर सांगता येईल.

सोनोरीत पानशांचा बुरुजांचा वाडा आहे. तो खाजगी आहे, त्यामुळे थेट आत घुसायचं नाही. बाहेर कुणी बसलेलं असतंच, त्यांना विचारायचं. गावातून वर पोहोचायला रमतगमत पाऊण ते एक तास. चढ अंगावर येणारा नाही, पण वाटेवर सावलीचं नाव नाही. गडाचा आकार साधारण त्रिकोणी, आत चौकोनी बालेकिल्ला, त्यात दोन देवळं शेजारी शेजारी: एक खंडोबाचं, दुसरं महादेवाचं. तटाच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारायला अर्धा तास पुरतो. दक्षिणेला पुरंदर आणि वज्रगड एकमेकांना खेटून उभे दिसतात, अलीकडे सासवडचं खोरं, आणि हवा स्वच्छ असेल तर जेजुरीमागचं कडेपठार. आईंना गुडघ्यांचा त्रास असेल तर झेंडेवाडीच्या बाजूने जा. तिकडून गाडी गडाच्या बरीच जवळ जाते आणि शेवटचा चढ तेवढा राहतो. माझी आवडती योजना अशी की चालणाऱ्यांनी सोनोरीतून चढून झेंडेवाडीला उतरायचं आणि ज्याला चालायचं नाही त्याने गाडी फिरवून तिकडे आणायची. आल्या वाटेने परत जाण्याचा कंटाळा टळतो.

सकाळी साडेसहाला पायथ्याशी असाल तर साडेनऊपर्यंत खाली याल. मग दिवस अख्खा पडलेला असतो, तेव्हा सासवडला जा. पण बाजारपेठेत न रेंगाळता नदीकडे वळा. कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे आणि गावाबाहेर नारायणपूरच्या रस्त्याला कऱ्हेच्याच काठी चांगावटेश्वराचं. दोन्हीकडे दगडी घाट, पायऱ्या, भरपूर सावली. संगमेश्वराजवळ भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची समाधी आहे. इतक्या साध्या जागी आहे की लोक शेजारून जातात आणि त्यांना पत्ता लागत नाही. सोपानदेवांची समाधीही सासवडचीच, पण तिथे एकादशीला गर्दी असते. आईंना मात्र तेच जास्त आवडेल, त्यामुळे त्यांना विचारा.

आता भुलेश्वर. या सगळ्या पट्ट्यात मला एकच जागा निवडायला सांगितली तर ही. सोलापूर रस्त्याने यवत गाठायचं आणि उजवीकडे डोंगरात वळायचं. गाडी थेट देवळापर्यंत जाते, आणि इथेच बहुतेकांची सहल फसते: गाडी, देऊळ, फोटो, गाडी. तसं न करता डोंगर ओलांडून पलीकडच्या अंगाला माळशिरस गावात उतरा, गाडी तिथे लावा आणि पायी वर चढा. हे माळशिरस पुरंदर तालुक्यातलं, सोलापूरचं नव्हे. मोबाइलवरचा नकाशा हमखास तिकडे न्यायला बघतो, तेव्हा सावध. चढ फार नाही. वाटेत पडक्या बुरुजांचे आणि तटाचे अवशेष लागतात ते दौलतमंगळ किल्ल्याचे. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळून उद्ध्वस्त केलं आणि या भागावर पकड राहावी म्हणून हा किल्ला उभारला. किल्ला गेला, देऊळ राहिलं.

बाहेरून पाहिलं तर देऊळ वाटतच नाही. नंतरच्या काळातल्या डागडुजीतले घुमट, सपाट भिंती, नक्षीचा मागमूस नाही. आत शिरल्यावर अंधारा, अरुंद जिना चढून वर आलात की समोर मोठा नंदी आणि मग कोरीव कामाला जी सुरुवात होते ती थांबत नाही. देऊळ यादवकाळातलं. गाभाऱ्याची बाहेरची भिंत खरं तर उघड्यावर असायला हवी, पण इथे तिच्याभोवती दुसरी भिंत आहे, त्यामुळे सगळी शिल्पं एका अंधूक बोळात राहिली आहेत. रामायण-महाभारतातले प्रसंग, हत्ती-घोड्यांच्या रांगा, सुरसुंदरी. बहुतेकींची तोंडं आणि हात फोडलेले. तरीही उभं राहण्याची लकब, कमरेचा बाक, दागिन्यांचे पदर शाबूत आहेत. टॉर्च न्या, पण तिचा झोत समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. समोरच्या उजेडात जी मूर्ती सपाट दिसते तीच तिरप्या उजेडात उठून येते: बोटांची पेरं, पैंजणाचे मणी, घोड्याच्या लगामाची दोरीसुद्धा वेगळी काढता येते. मुलाला टॉर्च धरायला द्या, तासभर कंटाळणार नाही.

आणि एक मूर्ती शोधायला लावा: गणपतीचं तोंड, स्त्रीचं शरीर, पद्मासनात बसलेली. हीच वैनायकी. मान वर करून शोधावी लागते. गुरव तिथे असतील तर विचारल्यावर लगेच दाखवतात, पण आधी आपण शोधून बघावं. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा, त्या दिवशी बोळात उभं राहायला जागा नसते. इतर दिवशी सकाळी आठला गेलात तर तुम्ही, पुजारी आणि वटवाघळं. वासही वटवाघळांचाच, हे सांगून ठेवतो.

भुलेश्वरहून परत सोलापूर रस्त्याला लागून चौफुल्याला वळलात की सुपे आणि पुढे मोरगाव. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, अवघं पाचेक चौरस किलोमीटरचं. नावात मयूर असला तरी ते आहे चिंकारा हरणांचं. झाडीचं अभयारण्य मनात धरून गेलात तर निराश व्हाल. हे गवताचं रान आहे, मधे मधे बोरी-बाभळी आणि हिवर. चिंकारा दिसला की लगेच पळतो, पण थोडं अंतर गेला की थांबतो आणि वळून बघतो. तो थांबण्याचा क्षण आपण जागच्या जागी उभे असलो तरच मिळतो, म्हणून मुलाला पुढे धावू देऊ नका. आत कुठपर्यंत जायला परवानगी आहे, पायी की गाडीने, हे फाटकावरच्या वनरक्षकांना विचारूनच ठरवा. ऊन चढायच्या आत किंवा चारनंतर. मधल्या वेळेत तिथे आपल्याशिवाय कुणीच उन्हात उभं नसतं.

हिवाळ्यात या माळांवर भोवत्या येतात, गवतावरून अगदी खालून, पंख स्थिर धरून तरंगत जाणारे शिकारी पक्षी. चंडोल आणि धाविक तर आपल्या पायाजवळून उडेपर्यंत लक्षात येत नाहीत. पक्ष्यांची आवड नसलेल्यालाही हे बघायला आवडतं, कारण लपायला झाड नाही. जे आहे ते उघड्यावर. दिवाळीच्या आसपास धनगरांचे वाडे कोकणाच्या दिशेने निघतात तेव्हा याच भागात त्यांची गाठ पडते: पुढे मेंढरं, मागे घोड्यांवर लादलेलं बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या आणि एखादं कोकरू. बघायला जवळ जावंसं वाटतं, पण कळपाची कुत्री आपल्याला ओळखत नाहीत. लांबूनच "रामराम" घालायचा, मेंढक्याने कुत्र्यांना हाक मारली की मगच पुढे व्हायचं. फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि बायकांचा तर नाहीच.

सुपे-मोरगाव करत असाल तर लोणी भापकरची वाट वाकडी करा. मोरगावला येणाऱ्या शंभर गाड्यांतली एखादी तिकडे जात असेल. मल्लिकार्जुनाचं जुनं देऊळ, त्याच्या समोर दगडी पुष्करणी, चहूबाजूंच्या भिंतीत देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींसाठीचे कोनाडे. जवळच एक भंगलेला यज्ञवराह, म्हणजे विष्णूच्या वराह अवताराची मूर्ती आहे, अंगावर बारीक मूर्तींची झूल ल्यालेला. पुष्करणीच्या पायरीवर बसून शिदोरी सोडायला जागा उत्तम, पण पुष्करणीच्या पाण्यात हात धुऊ नका. गावाने ती सांभाळलेली आहे. परतताना कऱ्हेच्या काठचं पांडेश्वर. तिथलं शिखर विटांचं आहे, दगडाच्या मुलखात हे अप्रूपच. मात्र भुलेश्वर, सुपे, लोणी भापकर, पांडेश्वर असं सगळं एका दिवसात कोंबलं तर चालणं शून्य होईल आणि पुन्हा तुमची गाडीत बसण्याची तक्रार सुरू. दोन दिवस करा: भुलेश्वर आणि सुपे एकदा, लोणी भापकर आणि पांडेश्वर जेजुरीच्या जोडीने दुसऱ्यांदा.

जेजुरीला म्हणजे गडावर नव्हे. रविवार हा खंडोबाचा वार, त्यात सोमवती अमावास्या किंवा चंपाषष्ठी आली तर गावात गाडी शिरत नाही. पण खंडोबाचं मूळ, जुनं ठाणं वरच्या डोंगरावर आहे, कडेपठारावर. गडाची गर्दी तिथवर पोहोचत नाही, कारण चढ तासाभराचा आहे आणि पायऱ्या संपता संपत नाहीत. वर मोकळं पठार, वारा, आणि खाली भंडाऱ्याने पिवळा झालेला गड आपण वरून बघतो. आई श्रद्धाळू असतील तर त्यांना दर्शनही घडतं आणि तुम्हाला चालणंही. पायऱ्यांचा चढ गुडघ्यांना जड जातो, उतार त्याहून जड, म्हणून त्यांच्यासाठी एक काठी गाडीत ठेवा. या गावाला जायची गंमत मात्र गाडीने नाही, रेल्वेने आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी पॅसेंजर शिंदवणे घाट चढते: बोगदे, वळणं, खाली हळूहळू लहान होत जाणारं मुळा-मुठेचं खोरं, मग आंबळे, राजेवाडी आणि जेजुरी. तिकीट किरकोळ, खिडकी मोठी. ज्या दिवशी आईंना चालायचं नसेल त्या दिवशी हीच सहल. येण्या-जाण्याच्या वेळा आधी बघून घ्या, कारण त्या बदलत राहतात आणि परतीची गाडी चुकली तर एसटी गाठावी लागते.

कवडीचं नाव तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. सोलापूर रस्त्यालगत, मुळा-मुठेवरच्या जुन्या बंधाऱ्याशी हिवाळ्यात चक्रवाक आणि इतर पाणपक्षी येतात हे खरं. पण नदी शहरातून जे काय घेऊन येते तेही तिथेच अडतं. नाक धरून पक्षी बघायची तयारी असेल तर पहाटे जा.

पश्चिमेला अजिबात जाऊच नका असं नाही. दोन अपवाद मी स्वतः करतो. पहिला बेडशाच्या बौद्ध लेण्यांचा. कार्ल्याला एकवीरेची गर्दी असते, भाज्याला पावसाळी तरुणाई. पण कामशेतहून पवना धरणाच्या वाटेवर असलेल्या बेडशाला शांतता असते. पायऱ्यांची वाट आहे, आईंनाही जमेल. चैत्यगृहाचं, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचं, तोंड पूर्वेला, म्हणून सकाळीच पोहोचायला हवं, तेव्हा ऊन आत येतं आणि व्हरांड्यातले चार खांब उजळतात. त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल यांच्यावर बसलेली जोडपी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची ही माणसं इतकी निवांत बसलीत की जणू जत्रेला निघालीत. शेजारचा विहार, म्हणजे भिक्षूंची राहायची जागा, मागच्या बाजूला गोल आणि वर कमानदार छताचा आहे. इतर लेण्यांतले विहार सहसा चौकोनी असतात, हा फरक मुलाला आपणहून सांगू नका, विचारा. लोणावळा लोकलने कामशेतला उतरून पुढे रिक्षा करता येते.

दुसरा जुन्नर, पण नाणेघाट आणि शिवनेरी सोडून. जरा लांब पडतं, नव्वदेक किलोमीटर, त्यामुळे पहाटे निघायला हवं. तुळजा लेण्यांतलं चैत्यगृह गोल आहे, स्तूपाभोवती बारा खांबांचं कडं. असं दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाही. मानमोडीच्या डोंगरातली लेणी तीन गटांत विखुरलेली आहेत आणि एका गटातून दुसऱ्याकडे कड्याच्या पोटातून चालत जाणं हाच खरा आनंद. तिथे नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम याचा कोरीव लेख आहे. पण मानमोडीला आग्या मोहोळं असतात. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको, आणि पोळी हलताना दिसली तर लेणं न बघता मागे फिरायचं. शिवाय जुन्नर तालुक्यात उसामुळे बिबट्यांचा वावर मोठा आहे. संध्याकाळी शेतातल्या पायवाटांनी रेंगाळू नका, सूर्य मावळायच्या आत डांबरी रस्त्यावर असा. लहान मूल मागे एकटं पडणार नाही एवढं बघा.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले. दोन्हीकडे रविवार होता. वाहत्या पाण्याजवळ गर्दी हाच मोठा धोका. तेव्हापासून पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या अनेक जागी जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात. जाण्याआधी ते वाचत चला. पूर्वेकडे या काळात श्रावणसरी असतात, पाऊस येतो आणि तासाभरात जातो. ऑगस्ट-सप्टेंबरात मल्हारगडाचे उतार तेरड्याने गुलाबी आणि सोनकीने पिवळे होतात. त्याच सुमारास पुरंदरचा वाटाणा निघतो आणि रस्त्याकडेला शेंगांची पोती दिसू लागतात. विकत घ्या, पण शेतातून जाताना हात लावू नका. पायवाट वाटाण्यातून गेलेली दिसली तरी बांधावरून जायचं. उन्हाळ्यात नऊनंतर इकडे फिरण्यात अर्थ नाही, पण सकाळी लवकर गेलात तर परतताना पुरंदरची अंजिरं मिळतात. सासवडच्या बाजाराच्या दिवसांत सीताफळंही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे इथले खरे महिने. पहाटे कऱ्हेकाठी हुडहुडी भरते, तेव्हा कानटोपी न्या. तुमच्या मुलाला नको असली तरी.

एक अडचण वेळेची. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढते आणि सासवडला मुक्काम करते. त्या दिवसांत घाट वाहनांना बंद असतो. त्या दिवशी गाडी घरी ठेवून हडपसरपासून वारीबरोबर घाट चढा, हीसुद्धा एक चालच आहे. एरवी पालखी मार्गाच्या रुंदीकरणामुळे घाटात अधूनमधून वाहतूक थांबते. बोपदेव घाटाचा पर्याय हाताशी असू द्या.

पायात पूर्ण बंद बूट हवेत, चप्पल-सँडल नको. या खडकाळ माळांवर फुरसं हे विषारी सापाचं जनावर असतं, आकाराने लहान, मातीच्या रंगाचं, दगडाच्या सांदीत बसणारं. बसण्याआधी काठीने जागा झोडायची, दगड उचलायचे नाहीत, हात न बघता कुठे टेकायचे नाहीत. पाणी माणशी दोन लिटर. वर गडावर टाक्यात पाणी दिसलं तरी ते पिण्याचं धरू नका. शिदोरीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी. इथे डोंगरावर हॉटेलं नाहीत, म्हणून तर गर्दी नाही.

वाट विचारायची तर गुरं राखणाऱ्याला विचारा, रस्त्यावरच्या टपरीवाल्याला नको. टपरीवाला गाडीरस्ता सांगतो. आणि "किती लांब आहे?" असं विचारू नका, उत्तर "हे काय, इथंच" असं येतं. "मामा, आमच्या म्हातारीला घेऊन किती वेळ लागंल?" असं विचारा. मग तो आईंकडे नीट बघतो, थोडा विचार करतो आणि बरोबर वेळ सांगतो. पुष्कळदा वर एखादी जवळची वाटही दाखवतो.

तुम्ही येत्या शनिवारीच निघणार असाल तर सोनोरीपासून सुरुवात करा. सहाला हडपसर सोडा, गाडी देवळापाशी लावायच्या आधी विचारा, टोप्या गाडीत विसरू नका. भुलेश्वर पुढच्या महिन्यात, आणि टॉर्चचे सेल आदल्या रात्री तपासून घ्या.